खडकावरच्या नव्या रेघा

वणी,
९ डिसेंबर २०२५

प्रिय प्रेरणा,

कशी आहेस? काकूंचा गुडघा आता बरा असेल. इकडे थंडी पडली आहे, पण कोळशाच्या ट्रकांची धूळ थंडीला जुमानत नाही; सकाळी वाळत घातलेला सदरा दुपारी करडा होऊन घरात येतो. कॉलेज ठीक. भूगोलाला पोरं येतात, कारण बाकीच्या विषयांच्या जागा भरलेल्या असतात.

फोन केला असता, पण तू बोलत राहिली असतीस आणि मी विषय बदलला असता. म्हणून कागद घेतला.

एकोणीस तारखेला तू तांड्यामागची टेकडी बघायला येणार आहेस. एम.एस्सी.ला असताना आपण तिथं पालथे पडून चुनखडीवरच्या रेघा मोजल्या होत्या. तीस कोटी वर्षांपूर्वी इथून सरकत गेलेल्या बर्फानं, पोटात धरलेल्या गोट्यांनी ओढलेल्या रेघा. तू एकेक बोटानं चाचपत होतीस. "बघ, इथं हलकी सुरू होते, खोल जाते आणि एकदम तुटते. इथं गोटा सुटला." त्या रेघांच्या जोरावर मी टेकडी राखीव व्हावी म्हणून अर्ज केला आणि तू तो तुमच्या भूविज्ञान खात्यात पुढे नेलास. टेकडी राखीव झाली नाही तर ती चुनखडीच्या खाणीला जाईल. सुरुंग लागले की तांड्याची एकुलती एक विहीर आटेल, हे तिथला सरपंच नेमसिंग माझ्याहून चांगलं जाणतो.

तर ऐक. त्या रेघा गेल्या.

नेमसिंगनं तुझ्या स्वागताची तयारी केली. फरशी घासायचं मशीन असलेल्या लखनला बोलावलं, पाण्याचा टँकर लावला आणि दोन दिवसांत तो खडक हॉटेलच्या ओट्यासारखा गुळगुळीत करून टाकला. मी गेलो तेव्हा त्यात माझं तोंड दिसत होतं. एका कोपऱ्यात खर्रा थुंकलेला, दुसऱ्या कोपऱ्यात 'सुस्वागतम'ची रांगोळी. घासून निघालेला पांढरा चिखल घमेल्यांनी भरून उतारावर ओतला होता. आपल्या रेघा त्या चिखलात होत्या. मी टेकडीमागे जाऊन ओकलो.

नेमसिंग खुशीत होता. "का सर, चकाचक झाला ना? तुमच्या बर्फाच्यानं एवढा झाला नोता!"

"कोणाला विचारून केलं हे?"

"तुमालेच तं. फोन केलतो ना."

केला होता. मी परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बसलो होतो. तो म्हणाला, "मोठ्या बाई येनार हायेत, दगड साफ करून ठिऊ का?" मी म्हणालो, "करा, घासून लख्ख करा." फोन ठेवला आणि पुढचा पेपर उचलला. खडक पाहून आल्यावर चार दिवस मी ज्याला त्याला सांगत फिरलो की अडाणी लोकांनी न विचारता ठेवा नासवला. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी चुकचुकून दाखवलं. मला ते चुकचुकणं आवडलं.

पत्र इथं संपवता आलं असतं. तू माफही केलं असतंस.

पाचव्या दिवशी खडकावर पुन्हा रेघा पडल्या. पडल्या म्हणजे पाडल्या. नेमसिंग म्हणाला, "लखन कटरनं मारून देते सर, तुमी फकत दिशा सांगा." मी आपली जुनी वही काढली, होकायंत्र लावलं आणि खडूनं नैऋत्येकडून ईशान्येकडे आखून दिलं. लखनच्या पहिल्या रेघा गजांसारख्या सारख्या आल्या. मग मी त्याला शिकवलं, प्रेरणा. हलकी सुरू कर, दाबत ने, एकदम उचल. दोन-चार आडव्या जाऊ दे. तू मला जे बोट धरून दाखवलं होतंस, ते सगळं मी कटरवाल्याला दाखवलं. वरून शेणकाला आणि चहाचं पाणी चोळलं.

लखननं कटर बंद केला. "सर, आता हे बर्फाचं काम हाय का माहं?"

सगळे हसले. मीही हसलो. नेमसिंगची आई बसंतीबाई बाजूला तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं विचारलं, "अन् बाईनं बोट फिरवून पाह्यलं तं?"

मी म्हणालो, "तिलाही कळणार नाही."

ते म्हणताना मला अभिमान वाटला होता. खडक घासला गेला तेव्हा आलेली किळस ओकून टाकता आली. ही येत नाही. शेणाचा वास हातावरून जातो, मी तपासून पाहिलंय.

तुला पाठवलेल्या अहवालात पान नऊवर जे फोटो आहेत, ते या रेघांचे. खाली सही माझी. ते पान फाडू नकोस, या पत्रासोबत फाइलला लाव.

काल नेमसिंगला सांगितलं की मी तुला खरं कळवतो आहे.  तो म्हणाला, "वा सर. दगड माह्याकडून घासून घेतला, खोटं लखनकडून करून घेतलं, आता खरं बोलाचा मान तुमाले. आमची विहीर गेली तं तुमचं खरं का चाटाचं आमी?"

 

टेकडीच्या उत्तरेच्या उतारावर मातीत त्याच बर्फानं ओरखडलेले गोटे अजून आहेत. त्यांना कुणी हात लावलेला नाही, मीही नाही. नुसत्या गोट्यांवर अर्ज टिकतो का, ते तू ठरव. टिकला तर नेमसिंगला परस्पर कळव. मी एकोणीसला तिथं नसेन; तू बोट फिरवशील तेव्हा बाजूला उभं राहण्याची माझी लायकी नाही.

काकूंना नमस्कार सांग. माझ्याबद्दल विचारलं तर यातलं काहीच लपवू नकोस.

ज्याला तू रेघ वाचायला शिकवलीस तो,
नयन