बारवेतल्या घोडेस्वाराची घाई

ती. उज्ज्वला आत्याबाईंना अंगदचा साष्टांग नमस्कार.

संस्कृतीच्या अंगावरून उतरवलेलं लिंबू माझ्या चपलेपाशी येऊन पडलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. पण ते नंतर. आधी तुमचा गुडघा कसा आहे? मामांचा खोकला थांबला का? धरणाच्या वाऱ्यात त्यांना ओट्यावर बसू देऊ नका. इकडं लिंबागणेशात सगळं ठीक, म्हणजे माझ्याशी कुणी बोलत नाही, त्यामुळं भांडणंही नाहीत. (फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर, आणि मामा पलीकडून "कोन हाय गं?" विचारत राहतात.)

कॉलेज मी दुसऱ्या वर्षात सोडलं हे तुम्हाला माहीतच आहे. प्रॅक्टिकलच्या सरांनी सगळ्यांसमोर "या कविराज" म्हटलं आणि मी दार आपटून निघालतो. मग घरी बसून मोबाइलवर, कथांच्या ॲपवर भुताच्या प्रेमाची कादंबरी लिहायला घेतली. निजामाच्या काळात आपल्या बारवेत बुडून मेलेला तरणा घोडेस्वार, आणि त्याचा जीव जडलेली आजची मुलगी. तुम्ही पहिल्या भागापासून वाचता, गल्लीतल्या बायांना वाचून दाखवता, ह्याचा मला फार अभिमान होता. (होता.) नायिकेचं नाव मी प्रियदर्शनी ठेवलं. बाकी काही बदलायचं सुचलंच नाही. डावखुरी, भुवईवर खोक पडल्याची खूण, गावच्या कमानीशेजारी घर, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला सकाळच्या एसटीनं बीडला जाणारी. गावात अशी एकच मुलगी आहे, संस्कृती. वाचता वाचता तिच्या लक्षात येईल, मग मला तोंड उघडावं लागणार नाही, असा माझा हिशेब.

असल्या गोष्टीत वाचणाऱ्याला काय लागतं, हे मला पाठ आहे अशी माझी समजूत होती. गार हात, घोड्याच्या टापा, आरशात न दिसणारा चेहरा. फराज (पंक्चरवाल्या सलीमचाचांचा) प्रत्येक भाग वाचून म्हणायचा, "बे, तुझं भूत लई घाई करतंय. मेलंय ना? मग आता कायची गडबड?" त्यावरून मी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

आणि मग कळलं की संस्कृतीला बघायला माजलगावचे पाहुणे येणार. मुलगा साखर कारखान्यात, तुमच्याच गल्लीतल्या आप्पारावांचा. माझं डोकं फिरलं. एका बैठकीत भाग लिहून टाकला. पाहुणे बसलेत, घोडेस्वार भिंतीतून आत येतो, पोह्यांच्या बशा उडवतो आणि गरजतो की ही शंभर वर्षांपासून माझी आहे, हिला माळ घालील तो रक्त ओकेल. लोकांनी डोक्यावर घेतला. तुम्ही तो आप्पारावांच्या मंडळींना वाचून दाखवलात. (तुमचा दोष नाही. तुम्ही छान वाचता, तेच नडलं.) त्यांनी भुवईची खूण ऐकली, कमान ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी इकडं निरोप: पोरीला बाहेरचं हाय, आमी येत न्हाई.

झालं. तिच्या वडिलांनी, विठ्ठलरावकाकांनी, लिंबू उतरवणारा माणूस आणला आणि तिचे क्लास बंद केले, कारण बीडची एसटी बारवेवरून जाते. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

ते लिंबू माझ्या पायाशी आपोआप आलं नव्हतं. तिनं गच्चीवरून नेम धरून मारलं होतं, डाव्या हातानं. मग जिन्यावरून खाली येऊन म्हणाली, "वाचली मी तुझी गोष्ट. सगळी."

आणि आत्याबाई, मी गाढव, मी विचारलं, "कशी वाटली?"

"मजा न्हाई आली," ती म्हणाली. "भूत भिंतीतून येतं ह्याचं कुनाला कवतिक न्हाई. भिंतीतून येता येत असून दारात थांबतं, येऊ का म्हनतं, तिथं वाचनारीचा जीव जातो. तुझ्या स्वारानं शंभर वर्षांत तिला एकदा तरी इचारलं का?" मग आवाज उतरला. "त्या पाव्हन्यांना मी न्हाईच म्हननार होते. माझ्या तोंडानं. तेवढं एक माझं होतं, ते बी तुझ्या घोड्यानं तुडवलं."

मला कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही, पण त्या दिवशी घेतलं. घरी येऊन कादंबरी पहिल्यापासून वाचली. प्रियदर्शनी त्यात दोनच कामं करते: किंचाळते आणि बेशुद्ध पडते. संस्कृतीला मी बालवाडीपासून ओळखतो. ती एकदाही बेशुद्ध पडलेली नाही. मग मी इतके दिवस कुणावर प्रेम करत होतो, ह्याचा विचार करतोय. झोप येत नाही. मामांना सांगू नका.

आपला भाचा,
अंगद

ता. क. खरं काम हे आहे. आप्पारावांना सांगून विठ्ठलरावकाकांना एक फोन करवा, की भूतबित काही नाही, आमच्या शेजारणीच्या भाच्यानं रचलेली गोष्ट आहे. म्हणजे तिचे क्लास सुरू होतील. सोयरीक मात्र जुळवू नका. नाही म्हणायचं असेल तर तिचं ती म्हणेल.

ता. क. २. सोयरिकीच्या बोलण्यात माझं नाव सुचवू नका. (विषय आपोआप निघाला तर… नाही. तरी नको.)

ता. क. ३. घोडेस्वाराचं पुढं काय झालं म्हणून विचारू नका. कादंबरी काढून टाकली.

ता. क. ४. तुमच्या फोनची वाट बघत बसणार होतो, पण ते म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या तोंडून बोलणं झालं. मीच जातो विठ्ठलरावकाकांकडं. भूत मीच, असं सांगतो. मारतील तर मारोत. आधी दारात उभा राहून "येऊ का" म्हणणार, आणि "नको" आलं तर बाहेरूनच सांगणार. पत्र जाताना पेटीत टाकतो. मी चप्पल घालतोय हे बघून आईनं सवयीनं दोन्ही कानांवर हात ठेवलेत. निघालो. आज दार हळूच ओढून घेतोय.