आईच्या गाडीची चावी

प्रिय दादा,

आईच्या गाडीची चावी झाली आणि गाडी सुरूही झाली. फोनवर सांगितलं असतं तर तू नेहमीसारखं 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो' म्हणाला असतास, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राचं एक बरं असतं, मधेच 'हो का, बरं बरं' म्हणून विषय बदलता येत नाही. तेव्हा चहा घे आणि बैस. वहिनीला वाचून दाखवायचं असेल तर माझी हरकत नाही, पण आधी एकदा एकट्यानं वाच, एवढं तुझ्या भल्यासाठी सांगते.

गेले पाच महिने गाडी जिन्यासमोर जागची हलली नव्हती. टायर बसले होते, बॅटरी उतरली होती आणि मागच्या काचेवर धुळीत कुणीतरी बोटानं झुपकेदार मिशा काढल्या होत्या. रजा घेऊन आईकडे राहायला आले ती या वेळी ठरवूनच, की चावी करून घेतल्याशिवाय परत जायचं नाही. मला वाटलं होतं अर्ध्या दिवसाचं काम असेल. आधी शोरूममध्ये गेले. तिथल्या मुलीनं गाडीचं मॉडेल कॉम्प्युटरमध्ये तीनदा घातलं आणि तीनदा माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला बैलगाडीची चावी मागते आहे. कंपनीनं ती कुलपं बनवणंच बंद केलंय म्हणे. बाजारातल्या चावीवाल्यानं आत चिप आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. चिपची चावी तो दहा मिनिटांत करतो, पण इतक्या जुन्या गाडीला लागणारी साधी कोरी चावी त्याच्याकडे नव्हती. एवढ्या मोठ्या शहरात तसल्या कोऱ्या चाव्या एकाच माणसाकडे उरल्यात, असं सांगून त्यानं पत्ता लिहून दिला. तो माणूस नाही म्हणाला तर गाडी सरळ भंगारात द्या, हा सल्ला वर फुकट.

तो पत्ता म्हणजे एका फोटोकॉपीच्या दुकानाशेजारची, जिन्याखालची खोली. तुला वर्णन करून सांगायची गरज नाही, पण तिकडे मी नंतर येते. भिंतभर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला चाव्यांचे घोस. मधोमध एक काका, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, तोंडानं सतत पुटपुटणं चालू. ते माझ्याशी बोलताहेत असं समजून मी दोनदा उत्तर दिलं, पण ते हातातल्या कुलपाशी बोलत होते. गाडीचं नाव ऐकताच खूश झाले. कोरी चावी होती त्यांच्याकडे, अगदी चार उरल्या होत्या. जुनी चावी समोर नसेल तर दाराचं कुलूप काढून आणायचं, आतल्या पट्ट्या बघायच्या, अंदाजानं घासायचं, लावून बघायचं, परत घासायचं, दोन दिवस तरी जातील, असं म्हणाले. मग गाडी कुणाच्या नावावर आहे ते विचारलं आणि मला परत पाठवलं. जुनी चावी हातात नाही म्हटल्यावर, आईच्या हातचं पत्र आणि गाडीची कागदपत्रं आणल्याशिवाय ते कानशीला हात लावणार नव्हते. मला तेव्हा राग आला होता. आता त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

आईनं ते पत्र चार वेळा लिहिलं. 'माझ्या गाडीची चावी हरवली आहे, ती माझ्या मुलीला करून द्यावी', एवढंच लिहायचं होतं, पण गाडीचा नंबर चुकला असेल या भीतीनं ती दर वेळी कागद फाडायची आणि पुन्हा कपाटातून कागदपत्रं काढायची. नंबर चारही वेळा बरोबर होता. ही आपली आई, दादा. एकतीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली आणि कुणाला एक गोळी चुकीची दिली नाही. डॉक्टरांचं किडेमकोडे अक्षर लागेना की दुसऱ्या दुकानांतली माणसं तिला विचारायला यायची. आता तिच्या घरात जिकडे तिकडे चिठ्ठ्या आहेत. फळीवर 'चष्मा इथे', दाराला आतून 'गॅस बघ', त्याच्याखाली बारीक अक्षरात 'परत बघ'. बाहेर पडताना ती कडी तीनदा ओढून बघते आणि खाली गेल्यावर मला वर पाठवते. तू गेल्या महिन्यात आला होतास तेव्हा या चिठ्ठ्या वाचल्यास ना? मामांना फोन करून सांगितलंसही, की आईचं आता काही खरं नाही.

मीही त्यातलीच, हे कबूल करते. चावी हरवली त्या आठवड्यात मी इथे होते आणि आम्ही दोघींनी घर पालथं घातलं. गाद्या उलट्या केल्या, पिठाचे डबे चाळले, सोफा भिंतीपासून ओढला. ती दाराजवळच्या खिळ्याकडे बोट दाखवून पुन्हा पुन्हा म्हणायची की मी इथेच अडकवली होती, तू येऊन गेलास त्याच्या आदल्या दिवशीच. तू आलास त्या दिवशी तुझं आणि तिचं गाडीवरूनच वाजलं होतं. तिनं फाटकाला थोडं घासलं म्हणून तू तिला गाडी विकायला सांगत होतास आणि ती ऐकत नव्हती. एवढं सगळं माहीत असून माझं डोकं चाललं नाही. उलट मीच तिच्यावर खेकसले, की आई, नीट आठव ना. तिचा वाढदिवस होता त्या दिवशी. संध्याकाळी तुझा फोन आला, मी तो स्पीकरवर टाकला. शुभेच्छा देऊन झाल्यावर तू हसत हसत म्हणालास, "फ्रीजमध्ये बघितलंस का, आई? या वयात माणसं कुठेही ठेवतात." ती उठली आणि खरंच फ्रीज उघडून बघायला लागली.

आणि तिची मैत्रीण. दुकानात तिच्या बाजूला उभी राहणारी, आपण जिला लहानपणी मावशी म्हणायचो ती. अंथरुणाला खिळली होती, तिच्या वस्तीकडे बस जात नाही. आई आठवड्यातून दोनदा गाडी काढून जायची, तिची नखं कापायची, वर्तमानपत्र वाचून दाखवायची. चावी गेल्यावर एकदा मी टॅक्सीनं नेलं, एकदा शेजाऱ्यांनी. तुला विचारलं तर तुला वेळ नव्हता. मावशी गेली तेव्हा आईला तिला भेटून सात आठवडे झाले होते. आई त्या दिवशी रडली नाही. नुसती म्हणत राहिली की माझ्या धांदरटपणामुळे ती एकटी गेली. दादा, तुला काय वाटायचं ते वाटो, पण हे मी तुला कधीच माफ करणार नाही.

आता जिन्याखालच्या खोलीकडे येते. आईचं पत्र घेऊन मी परवा पुन्हा गेले. काकांनी कागदपत्रं बघितली, गाडीचा नंबर पुटपुटला आणि कानशीकडे जायच्या ऐवजी फळीवरून एक जाडजूड वही काढली. त्यांची एक पद्धत आहे. त्यांच्या हाताखालून जाणारी प्रत्येक गाडीची चावी ते वहीच्या पानावर आडवी ठेवतात, टोकदार पेन्सिल तिच्या दातांवरून फिरवून चित्र काढतात आणि शेजारी गिऱ्हाइकाकडून रकाने भरून घेतात. तारीख, गाडीचा नंबर, नाव, मालकाशी नातं, कशासाठी, सही. निम्मे लोक नुसता नंबर टाकून जातात, असं तेच म्हणाले. पण तू थोडाच निम्म्या लोकांतला आहेस? शाळेच्या सहलीच्या फॉर्मवरसुद्धा 'इतर माहिती'समोर दोन ओळी लिहिणारा मुलगा तू. आता तर दिवसभर ऑफिसात लोकांचे अर्धवट फॉर्म परत पाठवतोस. एक रकाना रिकामा सोडायला तुझा हात धजला नाही. तुझ्या त्या सुरेख अक्षरात सगळं आहे. नातं, मुलगा. कशासाठी, गाडी विकायची आहे, घेणाऱ्याला दोन चाव्या हव्यात. खाली पूर्ण सही, तिच्याखाली दोन रेघा. आणि तारीख आईच्या वाढदिवसाची. म्हणजे दुपारी तू आईची चावी खिशात घालून त्या खोलीत उभा होतास आणि संध्याकाळी तिला फ्रीज उघडायला लावलंस.

सगळ्या शहरात एकच दुकान उरलं होतं, दादा. मलाही तिथेच जावं लागणार होतं, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही? की आईसाठी कुणी एवढी पायपीट करेल, असं तुला वाटलंच नाही? काकांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते आनंदानं म्हणाले की बरं झालं, तुमच्या भावानं आधी चावी आणली होती, आता कुलूप काढायला नको. तू ठेवून गेलेल्या त्या चित्रावरूनच त्यांनी नवी चावी घासली. मी समोर स्टुलावर बसून होते. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचत होते आणि ते मला विचारत होते की पंखा वाढवू का. मी त्या पानाची फोटोकॉपी मागितली. कशाला हवी, असंही त्यांनी विचारलं नाही. स्वतः शेजारी जाऊन काढून आणली, आणि सही नीट उमटली नाही म्हणून परत एकदा काढली.

काल कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं टायर भरले, स्वतःच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या आणि आई स्टिअरिंगमागे बसली. चावी पहिल्या फटक्यात फिरली. सुरुवातीला तिनं गाडी इतकी हळू घेतली की मागचे हॉर्न वाजवून दमले, पण तिसऱ्या वळणापर्यंत तिचा हात बसला. आम्ही मावशीच्या घरापर्यंत गेलो, तिच्या मुलीला भेटलो, परत आलो. गाडी बंद करून आई चावी हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली. मला वाटलं ती खूश आहे. मग ती म्हणाली, "पण मग जुनी कुठे ठेवली असेल गं मी?"

फोटोकॉपी माझ्या पर्समध्ये होती, पर्स माझ्या मांडीवर होती. मी ती काढली नाही. चावी मिळाली तरी तिचं जे हरवलंय ते तिला मिळालेलं नाही, हे मला दिसत होतं. एका वाक्यात मी ते तिला परत देऊ शकले असते. दिलं नाही, कारण ते तिला तुझ्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे. माझ्याकडून ऐकलं तर ती तुझीच बाजू घेईल, 'माझ्या काळजीपोटीच केलं असेल त्यानं' म्हणेल, आणि तू सुटशील. मला तू सुटायला नको आहेस. म्हणून मी तिला आणखी चार दिवस स्वतःला वेडी समजू देते आहे. यात माझंही काही चांगलं दिसत नाही, ठाऊक आहे मला. पण तुझ्याइतकी वाईट व्हायला मला अजून बराच सराव लागेल.

रविवारी तू सगळ्यांना बोलावलं आहेस. आई आता एकटी राहू शकत नाही, विसरते, साध्या चाव्या सांभाळता येत नाहीत, तेव्हा तिचं घर विकून तिला तुमच्या मागच्या खोलीत आणावं, हे तू मामांना पटवून देणार आहेस. आम्ही येऊ. अकरा वाजता आई स्वतः गाडी चालवत तुझ्या दारात येईल. तुझ्याकडच्या दोन्ही चाव्या सगळ्यांसमोर टेबलावर ठेव आणि तिला सांग की ती काहीच विसरलेली नाही. कधी उचलली, कशी उचलली, सगळं सांग. काळजी वाटत होती वगैरे म्हणू नकोस, कशासाठी ते तू लिहून ठेवलं आहेस. तू सांगितलंस तर फोटोकॉपी पर्समधून बाहेर येणार नाही. नाही सांगितलंस तर ती मामा वाचतील, वहिनी वाचेल आणि मग तुझी मुलं वाचतील. त्यांना बापाचं अक्षर ओळखता येतं.

मी काही न कळवता रविवारी येऊन तुला तोंडघशी पाडू शकले असते. तसंच करणार होते. पण मग तुझं सगळं पाच मिनिटांत आटोपलं असतं, आणि आईचे पाच महिने गेलेत. म्हणून हे पत्र. उद्या ते तुला मिळेल आणि रविवारपर्यंत तुझ्याकडे तीन दिवस असतील. या तीन दिवसांत तुझं कशात लक्ष लागू नये, वहिनीनं 'काय झालं' विचारलं की तुला दचकायला व्हावं, जेवताना घास हातात राहावा, एवढंच मला हवं आहे. मला फोन करू नकोस, मी उचलणार नाही. आईला केलास तर ती पहिल्या रिंगला उचलेल. तुझा फोन आला की ती अजूनही हातातलं सगळं टाकून धावते.

तुझीच,
धाकटी