आधीची ठकी

रविवार, १७ जानेवारी १९३७

परवा इथे लिहिलं की ठकीला चौदा पूर्ण झाली. ते चूक. जन्ममरणाच्या बुकात तसं आहे आणि मी बुकावरून उतरवलं, पोरीच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आज सकाळी शेजारून पळत आली, मुठीत पडलेली दाढ.

"अक्का, शेणात घालून छपरावर टाकू ना? का मी आता मोठी झाले?"

दुधाची दाढ. चौदाव्या वर्षी? आईला विचारलं, माझ्या दाढा कधी पडल्या. म्हणाली, "तू मामाकडं शाळंला गेलीस त्याच्या आगुदर." म्हणजे मी अकराची असेन, फार तर बाराची.

दाढ दोघींनी मिळून टाकली. पहिल्यांदा माझ्याच डोक्यावर पडली. ठ. हसून हसून वाकडी.

मंगळवार, १९ जानेवारी

बानं दाखल्याचं पुन्हा काढलं. ठकीला मुरबाडकडचं स्थळ आलं आहे. त्यांच्या गावात कुणाला तरी शारदा कायद्याखाली कोर्टात नेलं, तेव्हापासून मुलाकडचे धास्तावलेत. मुलगी चौदाची असल्याचा पोलीस पाटलाचा कागद हवा, मगच पुढचं. पोलीस पाटील आमचा बा. सही त्याची, अक्षर आधी मास्तरांचं, आणि मी बाळंतपणाला माहेरी आल्यापासून माझं.

"पौष सरला का ती मानसं येतील. तवर लिवून ठेव, बाय."

मी हो म्हटलं. का म्हटलं?

शुक्रवार, २२ जानेवारी

ठकीची आई, काशीकाकी, भात कांडत होती. ठ. ओढ्यावर गेली होती. मी सरळ विचारलं, "काकी, ठकी कोणत्या साली झाली?"

मुसळ वरच्या वर थांबलं. "कंची?"

मग तिनंच तोंडावर पदर धरला.

दोन होत्या. आधीची रांगत होती तेव्हा तापानं गेली. पुढे ही झाली, मानेवर तसाच तीळ. सुईण म्हणाली, तीच परत आली गो. म्हणून नाव तेच ठेवलं. पाटलाला कुणीच काही सांगितलं नाही.

"आपली पोर आपल्या घरी परत आली, त्याची काय वर्दी देयाची?"

"आणि आधीची गेली त्याची?"

"परत आली ना. मंग मेली कोन?"

 

रविवार, २४ जानेवारी

बाला सांगितलं. त्याला ठाऊक होतं. पुरायला तोही गेला होता.

"मी पन म्हनलो, आली ना माघारी, ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, आता तरी लिहू. आधीचीचं मरण, हिचा जन्म.

"आन मामलेदार इचारंल, इतकी वर्सं पाटील झोपला व्हता काय? पाटीलकी जाईल. तुला शिकवली ती आमाला शिकवाया?"

जेवले नाही. दुपारी बानं पटक्याच्या टोकात बांधून बोरं आणली, माझ्यासमोर ओतली आणि निघून गेला. गोड होती. रडत रडत सगळी खाल्ली.

गुरुवार, २८ जानेवारी

ठकीचा बाप, हिरूकाका, म्हसाच्या जत्रेहून आला. ठकीला बांगड्या. मोठ्या आहेत, कोपरापर्यंत सरकतात. ती हात वर करून पळते, छनछन करत. काकाला तिथे मुरबाडकडच्या स्थळाचा मुलगा भेटला. "मुंबईला गिरनीत हाय. सायबी बूट घालतो. पोरगी सुखात ऱ्हाईल."

तो मुलगा मी पाहिला आहे, माझ्या सासरच्याच बाजूचा. मिशा आहेत. वाईट नसेल. पण मिशा आहेत.

काकाला म्हटलं, ठकी लहान आहे. म्हणाला, "सरकारच्या बुकात मोठी हाय ना?" चेष्टेत नाही म्हणाला. त्यानं खरंच तसं धरलं आहे. दोघींची वर्षं त्यानं एकीच्याच खात्यावर टाकली आहेत. एवढी वर्षं सांभाळली, आता चौदाची झाली, ह्याचं त्याला समाधान आहे.

सोमवार, १ फेब्रुवारी

मरण लिहायचं मी बोलले ते काकीच्या कानावर गेलं. अंगणात उभी राहिली, आत येईना.

"माज्या पोरीचं मरण लिवतेस?"

"हिचं नाही, आधीचीचं."

"नाव तर येकच ना गो! लिवलंस ठकी मेली, तर वरचा कंची नेल?"

आईही तिच्याच बाजूची. पोटुशीनं मरण लिहू नये म्हणते. बुकात कुणाचं मरण लिहिलं की माझ्या हातावर पाणी ओतते, शाई वाळायच्या आत.

बुधवार, ३ फेब्रुवारी

ठ. ला ताप. मी फक्त बोलले होते, लिहिलं नव्हतं. लिहिलं नव्हतं.

गुरुवार, ४ फेब्रु.

ताप तसाच. काकी मला दारात उभी करीत नाही. शिकलेली मी, आणि दिवसभर एकच विचार, नुसतं बोलल्यानंही काही होत असेल का. पोटात बाळ फिरतं आहे. त्याला सांगितलं, तुझं सगळं नीट लिहीन, आलास त्याच दिवशी. तेवढंही बोलायला नको होतं असं मग वाटलं.

शनिवार, ६ फेब्रु.

घाम आला, ताप उतरला. ठ. नं पेज मागितली, मग पाटी. उशीवर कलून तिनं ठ काढला, चांगला गोल. की ची वेलांटी पाटीबाहेर गेली.

काकी पाहत होती. म्हणाली, "ह्ये काय लिवलं?"

"माजं नाव."

काकीनं वेलांटीवरून बोट फिरवलं, पुसणार नाही असं, अलगद.

मंगळवार, ९ फेब्रु.

बा म्हणाला, आता दाखला लिही. मी म्हटलं, बा, मी हा लिहिणार नाही, मास्तरांना बोलव. त्यानं मास्तरांना बोलावलेलं नाही. अजून.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

माघ लागला. मुलाकडचे येत्या बुधवारी येणार, निरोप आला.

तिन्हीसांजेला काकी आपणहून आली. माझ्याशेजारी बसून वाती वळत राहिली. मग म्हणाली, "आधीचीला मी पाजताना चिमी म्हनायची. कुनाला म्हाईत नाय. तिच्या बापाला बी नाय. तसं लिव. चिमी गेली."

पण बुकात जन्म ठकीचा आहे. चिमीचं मरण लिहून ठकीचा जन्म तसाच राहतो. आणि नुसतं चिमी लिहिणं खोटंही ठरेल. हे तिला सांगणं जिवावर आलं, तरी सांगितलं. म्हटलं, 'ठकी ऊर्फ चिमी' असं लिहिता येईल.

"उर्फ म्हंजे?"

"एकाच माणसाची दोन नावं असली की मध्ये लिहितात."

"आन आपल्या ठकीला उर्फ नाय?"

"नाही."

तिनं मनाशी घोळवलं. वात वळून झाली तरी बोटं वळतच होती.

"म्हंजी उर्फवाली गेली. बिनउर्फची ऱ्हायली."

"हो, काकी."

"मंग लिव. मी येते संगती. इचारलं तर सांगन, माज्या हातात गेली." मग पहिल्यांदाच रडली, आधीचीसाठी. आजवर रडायला तिला जागाच नव्हती. तीच परत आली होती ना.

शनिवार, १३ फेब्रुवारी

बाला काकीनंच सांगितलं. तो जोत्यावर बसून राहिला. एवढंच म्हणाला, "पाटीलकी माज्या बापाची व्हती." रागानं नाही. मी पाय चेपायला बसले तर पाय ओढून घेतला, "तू नको वाकू."

हिरूकाकाला अजून कुणी सांगितलेलं नाही. काकी म्हणते, आल्यावर सांगीन. मार खाईल अशी भीती वाटते. एवढ्या जुन्या नोंदीला मामलेदाराचा हुकूम लागतो, गावात लिहून भागत नाही. तो देईल का, बाला काय करील, ठाऊक नाही. ठ. ला विचारलं, तुला लग्न हवं का? म्हणाली, "बांगड्या परत द्याव्या लागतील का?"

अर्ज लिहून ठेवला आहे. खाली बाच्या सहीची जागा कोरी. सही झाली तर बरं, नाही झाली तरी काकीचा अंगठा आहे.

उद्या रविवार, मामलेदाराची कचेरी बंद. शहापूरला जायचं ते सोमवारी, १५ फेब्रुवारीला.