लिफ्टमधला व्हँडल

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुमचा डोळ्यांचा दवाखाना, जाऊबाई आणि तुमचा गुडघा, तिन्ही सुरळीत चालू असतील असं धरून चालते. आम्ही दोघं बरे आहोत. (हे वाक्य रिवाज म्हणून लिहिलं आहे. पत्र शेवटपर्यंत वाचा.)

आमच्या इमारतीत नवी लिफ्ट बसली. आठव्याच दिवशी तिच्या चकचकीत पट्टीवर, चारच्या बटणाशेजारी, कुणीतरी किल्लीने खोल ओरखडा काढला. सेक्रेटरी मी. तडक फलकावर सूचना लावली, की या व्हँडलला शोधून रविवारच्या सभेत त्याचं नाव जाहीर केलं जाईल. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर विचारायला आले, हे गृहस्थ कितव्या मजल्यावर राहतात? तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंना तो झुरळाचा प्रकार वाटला. फवारणी कधी, म्हणाल्या. मग फलकाखाली उभं राहून मला कॉलेजातला इतिहास उगाळावा लागला. व्हँडल ही एक टोळी. दीड हजार वर्षांपूर्वी त्यांनी रोम चौदा दिवस लुटलं. शहराची राखरांगोळी केली नाही (पोपने तशी गळ घातली होती म्हणतात), उचलता येईल ते नेलं, इतकंच. त्यांच्याहून वाईट लुटारू होऊन गेले. पण पुढे तेराशे वर्षांनी फ्रान्सच्या क्रांतीत मूर्ती आणि चित्रं फुटू लागली, तेव्हा एका बिशपने त्या नासधुशीला यांचं नाव दिलं. बाजू मांडायला यांच्यातलं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे ते चिकटलं. आता बाकावर नाव कोरणारा, बसची सीट फाडणारा, सगळे व्हँडल. थोडक्यात, दुसऱ्याची वस्तू विनाकारण खराब करणारा. ‘विनाकारण’वर मी फार जोर दिला. पोस्टमास्तर म्हणाले, “म्हणजे नतद्रष्ट! मग तसं लिहा की बाई. रोमपर्यंत कशाला पळवलंत आम्हाला?”

आज दुपारी पहारेकऱ्याने लिफ्टच्या कॅमेऱ्यातलं चित्रण माझ्या फोनवर पाठवलं. (त्याने स्वतः पाहिलेलं नाही, मी दोनदा विचारून घेतलं.) त्यात तुमचे बंधू आहेत. आधी मागेपुढे बघतात. मग पट्टीला नाक टेकेल इतके वाकतात, बोटाने खालून एकेक बटण मोजतात आणि किल्लीने रेघ ओढतात. त्यानंतर डोळे मिटून, अंगठ्याने ती रेघ चाचपून, चारचं, म्हणजे आमच्या मजल्याचं, बटण दाबतात. असं तीन वेळा. गेल्या महिन्यात ते शिवणवाल्या बाईंच्या घरी शिरले, चपला काढल्या आणि चहा मागितला. इमारत पोट धरून हसली, तेही हसले, मीसुद्धा. वर्तमानपत्र हल्ली मलाच वाचायला लावतात. म्हणे, तुझे उच्चार स्वच्छ आहेत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा स्तुती झाली आणि मी विचारलंसुद्धा नाही, की आज काय झालं?

उद्या दहाला सभा. चित्रण दाखवा, असा धोशा लागणारच. आत्ता ते शेजारच्या खोलीत शीळ घालत आहेत आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. मंगळवारी त्यांना तुमच्याकडे पाठवते. गुडघा धरलाय, सोबत हवी, असं काहीतरी सांगा आणि बोलता बोलता तपासणीच्या खुर्चीत बसवा. जे निघेल ते आधी मला. मी काही बघितलंय हे त्यांना कळता कामा नये.

ता. क. २. रविवार, दुपार. पाकीट बंद करायचं राहिलं होतं. सभेत मी सांगितलं, रेघ मी ओढली. चित्रण कुणी मागितलंच नाही. सगळ्यांचा तत्काळ विश्वास बसला, एवढंच मनाला लागलं. मला सेक्रेटरीपदावरून काढण्याच्या ठरावाला पहिला हात तुमच्या बंधूंचा. घरी आल्यावर म्हणाले, “तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईला शोभत नाही हे.”