बॅटरी ८७ टक्के, स्थिर

४ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.५०
नवीन वर्ष, नवीन वही. चार दिवस उशीर झाला खरा, पण संकल्पांची गर्दी ओसरल्यावर केलेले संकल्प जास्त टिकतात असं माझं निरीक्षण आहे. एक : रोज सहाला उठणे. आज सहा चाळीसला उठलो, पण पहिला दिवस धरायचा नसतो. दोन : रोज ही वही लिहिणे. तीन : घरात कमी बोलणे आणि जास्त ऐकणे.

सायंकाळी ७
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनी बसथांब्यांवरचे कागदी तक्ते काढून इलेक्ट्रॉनिक कागदाचे बोर्ड लावणार आहे. पहिली चाचणी चौदा नंबरच्या थांब्यावर. साहेब म्हणाले, तुम्ही रोज तिथूनच येता ना, येता-जाता जरा नजर टाकत जा. म्हणजे प्रकल्पाची देखरेख माझ्याकडे. वेळापत्रक विभागात सव्वीस वर्षं काढली, त्याचं चीज झालं. साहेबांचा स्वभाव मितभाषी. प्रकल्पप्रमुख हा शब्द त्यांनी वापरला नाही, पण तो हवेत होता.

५ जानेवारी, मंगळवार
बोर्ड पुरवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर आली होती. मुलीच्या वयाची. दर तिसऱ्या वाक्यात फर्मवेअर म्हणते, म्हणून मी तिचं नावच फर्मवेअर ठेवलं आहे. मनातल्या मनात.

तिनं सांगितलं ते असं. पडद्यात केसाहून बारीक काळे-पांढरे कण असतात. वीज दिली की काळे वर येतात किंवा पांढरे वर येतात, आणि मग जिथल्या तिथे बसून राहतात. अक्षर बदलायलाच काय ती वीज लागते. दाखवत राहायला लागत नाही. त्यानंतरही ती काहीतरी म्हणाली, ‘म्हणून एक काळजी घ्यायची’ असं. तेवढ्यात मला फोन आला.

रात्रीच्या जेवणाला हिला सगळं समजावलं. पाऊण तास. ही शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, मला मेट्रन केलंय. चार तासांवरच्या गावात, तिथल्या हॉस्पिटलात. पंचवीस तारखेला हजर व्हायचंय.

ही नर्स आहे, हे इथं नोंदवून ठेवतो. अभिनंदन केलं. सविस्तर बोलायचं ठरलं आहे.

८ जानेवारी, शुक्रवार
काल बोर्ड बसला. सुंदर. कागदासारखा मऊ, डोळ्याला त्रास नाही. कोपऱ्यात तारीख, वेळ आणि बॅटरीचा आकडा. वेळांच्या मागे मात्र एक शिडाची होडी पुसट दिसते. मला वाटलं कंपनीचं बोधचिन्ह. फर्मवेअर म्हणाली, चाचणीचं जुनं चित्र आहे, पूर्ण पुसलं गेलं नाही, दोन-तीनदा काळा-पांढरा केला की जाईल. मी म्हटलं, राहू दे, शोभा येते. दोन म्हाताऱ्या बायकांनी होडी कुठून सुटते विचारलं. लोकांची उत्सुकता जागी होते आहे.

हिनं माझ्या टेबलावर एक फॉर्म ठेवला. तिकडच्या बस कचेरीत वेळापत्रक लिपिकाची जागा रिकामी आहे. म्हणाली, पंधरापर्यंत भरायचाय, बघा तरी. मी म्हटलं, बघतो. प्रकल्प अर्ध्यावर टाकून कुणी जात नाही, हे तिलाही आतून माहीत असणार. जाण्याचंही ती मनावर घेणार नाही. सव्वीस वर्षांचा संसार आहे. माणूस असं उठून जात नसतो.

९ जानेवारी, शनिवार. दुपारी १२
बोर्डाची पाहणी केली. खांबाच्या मागून एक वायर लोंबत होती. दिसायला फार वाईट. ओढून मोकळी केली आणि नीट गुंडाळून खांबाच्या आत खोचली. आता बोर्ड कसा सुबक दिसतो. कुणाला सांगितलं नाही. प्रमुखाला असे छोटे निर्णय जागच्या जागी घ्यावे लागतात.

बॅटरी ८७ टक्के.

११ जानेवारी, सोमवार
बॅटरी ८७ टक्के. दोन दिवसांत एक टक्काही घट नाही. हे तंत्रज्ञान अफाट आहे.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंना कण कसे फिरतात ते आकृती काढून दाखवलं. त्यांना एकदम पटलं. आकृती काढायला माझ्या बॅगेत एक पाठकोरा कागद सापडला. घरी आल्यावर लक्षात आलं, तो हिचा फॉर्म. मागची बाजूच वापरली होती, पण पेन जाड होतं. खणात ठेवला आहे.

सहाला उठण्याचं उद्यापासून.

१३ जानेवारी, बुधवार
ऑफिसात छापील परिपत्रक आलं. मी न वाचता बाईंच्या टेबलावर सरकवलं. म्हटलं, कागदाची कामं आता तुम्ही बघा, मी कागदाच्या पुढे गेलो आहे. बाई म्हणाल्या, पंधरापासून वेळा बदलतायत, चौदा नंबरच्याही आहेत, एकदा वाचा तरी. मी हसलो. नव्या वेळा मुख्य कचेरीतून थेट बोर्डावर जातात. माणसानं मधे लुडबुड करायची नाही, हाच तर या व्यवस्थेचा आत्मा.

१६ जानेवारी, शनिवार
मुलीचा फोन. ती परगावी असते. म्हणाली, बाबा, आई जातेय, तुम्हाला कळतंय ना. मी म्हटलं, कळतंय की. मग तिला सांगितलं, भर उन्हात आपला बोर्ड साध्या पडद्यापेक्षा किती ठळक दिसतो. ती बराच वेळ गप्प होती. तिलाही विषय आवडतो आहे असं दिसतं.

ही कपाटं आवरते आहे. वर्षातून एकदा आवरावीतच.

१८ जानेवारी, सोमवार
साहेबांना अहवाल दिला. सोबत एक प्रत, त्यांच्या वरच्यांसाठी.

तक्रारी : शून्य. बॅटरी : ८७ टक्के, नऊ दिवस स्थिर. दिसण्यात बिघाड : नाही. शिफारस : सर्व थांब्यांवर ताबडतोब बसवावेत.

कोपऱ्यात ९ जानेवारी, ११.२० असं येतं आहे. प्रमाणपत्राची तारीख असावी. अहवालात घेतलं नाही, वाचणाऱ्याचा गोंधळ नको.

साहेब म्हणाले, बरं. त्यांच्या तोंडून बरं म्हणजे खूप झालं.

२१ जानेवारी, गुरुवार
हिच्या दोन बॅगा आणि एक खोका दाराशी आहे. खोक्यावर ‘स्वयंपाकघर, माझं’ असं लिहिलं आहे. जाता-येता पायाला लागतो.

म्हणाली, रविवारी सकाळची बस बघा, मी टॅक्सीनं स्टँडवर जाईन. मी म्हटलं, टॅक्सी कशाला, आपली बस चौदा नंबरला थांबते, सात चाळीसला, मी सोडायला येतो. बोर्डही बघशील. तिनं विचारलं, नक्की सात चाळीस ना. मला थोडं लागलं. सव्वीस वर्षं या शहराला बस किती वाजता सुटते ते मी सांगत आलो आहे.

महिन्याभरात परत येईल. नवीन जागी पाणी मानवत नाही कुणाला.

२४ जानेवारी, रविवार. दुपारी १
क्रमानं लिहितो.

सात पंचवीसला थांब्यावर पोचलो. थंडी. थांब्यावर तिसरं कुणी नाही. हिला बोर्ड दाखवला. ७.४०, ठळक. होडी दाखवली. ती म्हणाली, छान आहे.

सात चाळीस झाले. सात पन्नास झाले. मी म्हटलं, रविवार आहे, ड्रायव्हर रेंगाळला असेल. आठला समोरच्या औषधवाल्यानं शटर वर केलं आणि विचारलं, कुठली बस बघताय. सांगितलं. तो म्हणाला, ती सात दहाला गेली. पंधरा तारखेपासून सात दहाच आहे. आता एकदम सव्वादहाची. मी बोर्डाकडे बोट केलं. तो म्हणाला, त्याच्याकडे कोण बघतं, लोक मला विचारतात.

तक्रारी शून्य का होत्या, त्याचा एक खुलासा हा असू शकतो.

 हिनं बॅगा आणि खोका बाकाशेजारी नीट लावले आणि ती बाकावर बसली. बाजूला जागा ठेवून.

मी फर्मवेअरला फोन लावला. रविवार असून तिनं उचलला. कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगितली. वाचली. ती म्हणाली, काका, तो बोर्ड नऊ तारखेपासून बंद आहे. मी म्हटलं, बंद कसा, समोर स्वच्छ दिसतोय. ती म्हणाली, वीज गेली तरी शेवटचं अक्षर तसंच राहतं, पहिल्या दिवशी तेच सांगत होते, म्हणून रोज तारीख बघायची. मग विचारलं, कुणी मागची बॅटरीची वायर काढली होती का. मी म्हटलं, चौकशी करतो.

नंतर तिनं सांगितलं तसं करत गेलो. खांबाचं झाकण उघडा. औषधवाल्याकडून पेचकस आणला. वायर बाहेर काढा, लावा, उलटी लावा, दहापर्यंत मोजा, परत लावा. मधे हिनं बाकावरून काहीतरी विचारलं. मी ‘एक मिनिट’ म्हणालो. बोटं गारठली होती. पडदा तीनदा काळा-पांढरा झाला, होडी गेली, आणि नव्या वेळा आल्या. ७.१०. १०.१५. सगळं बरोबर. मी वळलो तर बस उभी होती. कंडक्टर बॅगा वर चढवत होता.

ती खिडकीत बसली. हात केला की केस मागे घेतले, नीट दिसलं नाही. माझ्या हातात पेचकस होता.

बोर्ड मात्र उत्तम चालू आहे.

२७ जानेवारी, बुधवार
साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा अहवाल होता. ‘नऊ दिवस स्थिर’च्या खाली लाल रेघ. ते चिडले नाहीत. म्हणाले, बोर्डाचं काम शेजारच्या बाईंकडे देतोय, त्या परिपत्रकं वाचतात. तुम्ही जुने तक्ते बघत होता तेच बघा. मी म्हटलं, मलाही तेच सुचवायचं होतं. केबिनबाहेर आलो. बाईंनी खुर्ची सरकवून वाट दिली.

काही वाटलं नाही. दुपारी सहा तक्ते टाईप केले. एकही चूक नाही.

२९ जानेवारी, शुक्रवार
बाकावर हिनं काय विचारलं असेल, यावर विचार केला. तिकडच्या जागेचंच असणार. दुसरं काय विचारणार. दोन तास ती शेजारची जागा राखून बसली होती, आणि एकदाच बोलली.

निर्णय झाला आहे. इथं मी फार अडकून पडलो. खणातला फॉर्म काढला, पण त्यावर आकृतीतले कण उमटले आहेत. पांढऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात नवा अर्ज लिहिला. सव्वीस वर्षांचा अनुभव, इलेक्ट्रॉनिक बोर्डाचंही ज्ञान. रविवारी तिची सुट्टी असावी. तेव्हा फोन करतो. आवाज नेहमीसारखा ठेवायचा.

३१ जानेवारी, रविवार
अकराला फोन केला. तिनं चौथ्या रिंगला उचलला. तब्येत विचारली. बरी आहे म्हणाली, खोली लहान आहे पण ऊन येतं. पाणी मानवलं आहे.

मी म्हटलं, त्या दिवशी तू बाकावर विचारलंस ना, त्याचं उत्तर द्यायला फोन केलाय. माझं हो आहे.

तिनं विचारलं, कशाचं?

मी म्हटलं, तिकडच्या जागेचं. अर्ज तयार आहे.

 तिच्या मागे ट्रॉलीची चाकं वाजत होती, म्हणजे सुट्टी नव्हती. मग म्हणाली, अहो, ती जागा भरली. पंधरा तारीख होती ना. आणि मी त्या दिवशी पाणी हवंय का विचारलं होतं. बाटली मी बरोबर नेणार होते.

मी म्हटलं, हवं होतं.

ती म्हणाली, बरं. वॉर्डातून तिला कुणी हाक मारली, आणि तिनं फोन ठेवला.