लवकांडीची अकरा रोपं

ता. १७, सोमवार
पाणथळीच्या फाटकासमोरची खोली

ताई,

तू बरी असशील, पोरं शाळेत जात असतील, दाजी नेहमीसारखे रागात असतील. मी ठणठणीत आहे. पत्र बघून घाबरू नकोस. फोन केला की चौथ्या वाक्याला दाजी तुझ्या हातातून ओढून घेतात, म्हणून लिहितोय.

आधी कामाचं सांगतो. ही पाणथळ राखीव आहे. आत शिकार बंद, गुरं बंद, माणसंसुद्धा फळ्यांच्या वाटेवरूनच. चिखलात उतरतो ते आम्ही आठ जण. बाहेरून आलेलं एक झाड इथे माजलंय, त्याला आम्ही घुसखोर म्हणतो. ते मुळासकट उपटायचं आणि कुंपणाबाहेर ढिगावर टाकायचं. जपायची ती लवकांडी. ती या पाण्यावाचून कुठेच उगवत नाही. फुलं येईपर्यंत दोन्ही अगदी जुळी. फरक एवढाच की लवकांडीच्या देठाला बारीक लव असते. मला मिसरूड फुटली तेव्हा तू चहा सांडेपर्यंत हसली होतीस ना, तेवढीच. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते.

आमच्यात एक मावशी आहे. साठीची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हातमोजे घालत नाही, एकेक देठ अंगठ्याने चाचपते, मग उपटते. मी तिला कासव म्हणायचो. ती म्हणायची, "पळा ससोबा, पळा." जाड हातमोजे घालून मी तिच्या तिप्पट उपटायचो. मुकादम चारचौघांत पाठ थोपटायचा. मला कुणी शाबासकी दिली की डोकं ठिकाणावर राहत नाही, तुला माहीतच आहे.

महिन्याच्या सुरुवातीला रोपांचा अभ्यास करणाऱ्या बाई मोजणीला आल्या. पूर्वेच्या तुकड्यात चाळीस लवकांड्या होत्या, भरल्या तेरा. बाईंनी पुन्हा मोजल्या, तेराच. मुकादम म्हणाला, "म्हातारीला दिसत नाही, तिचंच काम." मावशीला घरी बसवलं, आणि तसा कागद करून आमच्या सह्या मागितल्या.

मी सहीवरून अडलो एवढं दाजींनी तुला सांगितलं असेल. "तुझं काय जातंय? म्हातारीचं वय झालंच आहे," असं ते मला म्हणाले. मुकादम त्यांचा दोस्त, त्यांच्या शब्दावर मी इथे लागलो, सगळं कबूल. पण त्यांनी तुला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं त्यांना ठाऊक आहे.

पूर्वेच्या तुकड्यात मी होतो, ताई.

तो तुकडा साफ केला त्या आठवड्यात मावशी तिकडे फिरकलीही नव्हती. आकडा ऐकला तेव्हाच मला कळलं होतं. तरी चार दिवस गप्प बसलो. डबा खाल्ला, मुकादमाच्या विनोदांना हसलो. पाचव्या दिवशी कागद समोर आला. त्यावर लिहिलं होतं, "दृष्टी अधू असल्याने." शाळा सातवीत सुटली, पण एवढं वाचता येतं.

कागद मागे सरकवला आणि बाईंच्या देखत म्हणालो, "मी उपटल्यात. हातमोजे घालून."

मुकादम म्हणाला, "याला म्हातारीचा पुळका आलाय."

"मग तिला बोलवा. तिच्या डोळ्यांना रुमाल बांधा, माझे उघडे ठेवा."

बोलावलं. फळीकडेची दहा रोपं बाईंनी ठरवली. मावशीने पालथं पडून, चाचपून, दहाच्या दहा ओळखली. हातमोजे घालून मी चार चुकलो. मावशीने रुमाल सोडला आणि म्हणाली, "ससोबा, चार दिवस कुठे झोपला होतात?"

मावशी कामावर आली, मी गेलो. काढलं ते बाईंनी, आणि योग्य केलं.

दाजी म्हणतात, मिळेल ती गाडी पकड, घरी ये आणि तोंड बंद ठेव. नाही येणार. त्याच दिवसापासून कुंपणाबाहेरचा ढीग उपसतोय. तिथे कुणाची परवानगी लागत नाही. घाण वास येतो, डास फोडून काढतात. उघड्या हातांनी देठ न् देठ चाचपतो. जेवणाच्या सुट्टीत मावशी पलीकडून ओरडते, "अहो, तो घुसखोर! अंगठा झोपलाय तुमचा!" नऊ दिवसांत मुळं जिवंत असलेल्या अकरा सापडल्या. बाईंनी पाण्याने भरलेली बादली पुढे सरकवली. काल त्या अकरा लावल्या. मला आत मनाई, म्हणून मावशीने लावल्या. मी कुंपणाची तार धरून उभा होतो.

सोळा राहिल्यात. ढीग अजून अर्धा आहे. पोटाची काळजी नको, दुपारनंतर विटा उतरवतो.

दाजींना सांग, मेव्हण्याने नाव घालवलं असं कुणी म्हणालं तर खुशाल माझ्याकडे बोट दाखवा. मी इथेच सापडेन.

आणि एक. आईची काचेची बरणी मी फोडली होती. तू ते स्वतःच्या अंगावर घेतलंस आणि मार खाल्लास. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. तुला ठाऊक होतं, तू कधी बोलली नाहीस, मीही नाही. आता कुंपणाआड उभा आहे, पण सगळ्यांना दिसेल असा.

त्या अकरांना फुलं यायला तीन महिने आहेत. तोवर मला बोलावू नकोस.

बरणी फोडणारा,
तुझाच भाऊ