अनवाणी वर्ष

मोरबी
रविवार, ९ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांना रत्नपालचा जयभीम.

मी इथं बराबर आहे. फरशीच्या कारखान्यात आता पॅकिंगवर घेतलंय, भट्टीजवळची तकलीफ कमी झाली. आईच्या गुडघ्याचं काय? पत्र काहून लिहिलं म्हणाल, तर फोनवर तुमी "घे, तुझ्या आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकता. अक्षर माझं तुमाला ठाऊक आहे, सातवीतून सुटलेलं. जमंल तसं लावून घ्या. पण करुणाकडून वाचून घेऊ नका. तुमी एकटे वाचा.

तिकडं हळद शिजत असंल. इथं भट्टीतून गरम फरशी बाहेर आली की मला आपल्या गावचा, डोंगरकड्याचा तो धूर आठवतो. तुमी कढईजवळ उभे, बनियन पिवळं, नखं पिवळी. पौर्णिमेला ते हात घासून घासून धुवायचे, पांढरी पैरण घालायचे अन् विहारात सगळ्यांच्या पुढं बसून वंदना घ्यायचे. तरी बोटं पिवळीच दिसायची. मी तुमच्या मागं बसायचो. तुमचा आवाज चढला की माझाबी चढायचा. खीर वाटणारी नीलाबाई म्हणायची, "जळबा, तुझं पोरगं तुझ्याहून मोठ्यानं म्हणून राहिलं. खिरीसाठी का काय?" अन् तुमी हसायचे. तसं हसलेले तुमी मला लई दिवस झाले पाहायला मिळाले न्हाई.

करुणाचं लग्न चार मेला ठरलं, आईनं सांगितलं. तुमचा निरोपबी सांगितला. यायचं असंल तर आधी विहारात सगळ्यांसमोर बावीस प्रतिज्ञा म्हणायच्या, मग मांडवात उभं राहायचं. त्याचंच उत्तर लिहायला बसलो होतो, अन् हळदीचं लिहून राहिलो.

मागच्या रविवारी मी खोलीबाहेर चप्पल घालून निघालो, तर भट्टीवरचे उस्मानचाचा म्हणाले, "अरे मराठे, आज छुट्टी के दिन पाव में चप्पल?" त्यांला ठाऊक न्हाई, तुमालाबी ठाऊक न्हाई. माझं अनवाणी वर्ष त्याच्या आदल्या रविवारी पुरं झालं. करुणा हिंगोलीच्या दवाखान्यात होती तवा मी नरसीच्या देवळात जाऊन नवस बोललो होतो, ती उठली तर वर्षभर अनवाणी राहीन. घरी आठ महिने झाले. मग तुमाला नवसाचं कळलं, अन् मी निघून आलो. चार महिने राहिले. इथं बुटाशिवाय कामावर आत सोडत न्हाईत. म्हणून मी फक्त सुट्टीचे दिवस धरले. एकशेवीस रविवार. सव्वादोन वर्षं लागली.

हे सांगितलं तर चाचा हसले न्हाई. त्यांचा पोरगा वारला तवा त्यांनी नमाज सोडली होती. एक दिवस नळावर हात धुवायला गेले अन् हात आपोआप नमाजाआधी धुतात तसे वजू करायला लागले. "हाथों को याद था, मुझे नहीं. उसी को मैं अल्लाह बोलता हूं." शेजारी ओडिशाचा जोसेफ कपडे वाळू घालत होता. त्याचं वेगळंच. त्याच्या बोलीचं इथं कोणी न्हाई, दिवसभर तोडकी हिंदी. आपल्या भाषेत तो फक्त प्रार्थनेत बोलतो. "उधर कोई समझता है," म्हणतो. मग दोघं माझ्याकडं पाहून म्हणाले, "तेरा क्या है?"

मी जोसेफच्या बादलीतला शर्ट उचलून तारेवर टाकला. माझं सांगायचं तर तुमचं सांगावं लागलं असतं.

नवस बोललो त्या उन्हाळ्यात तुमी मला नव्या चपला आणल्या. मी म्हणलो, चावतात. तुमी रोज संध्याकाळी तेल लावून त्या मऊ करत बसायचे अन् मी नुसता पाहायचो. ती लाज अजून गेली न्हाई. मग सटवाजीनं पारावर टोमणा मारला, "काय जळबा, विहारात तुमी, देवळात पोरगं, दोन्हीकडून जमवलं." घरी येऊन तुमी हात उचलला न्हाई. इतकंच म्हणाले, "ज्या देवांच्या पायरीवर माझ्या आज्याला चढू दिलं न्हाई, त्यांच्याकडं तू मागायला गेला?"

बाबा, तुमचं ते बराबरच होतं.

पण एक गोष्ट मी त्या दिवशी बोललो न्हाई. करुणाचा ताप डोक्यात गेला होता, डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत न्हाई. तुमी चहा आणतो म्हणून गेले ते आलेच न्हाई. भर दुपारी तुमाला शोधत मी दवाखान्याच्या मागं आलो. तुमी लिंबाखाली उभे होते, भिंतीकडं तोंड करून, हात जोडून. पुढं फोटो नव्हता, मूर्ती नव्हती. चुना उडालेली भिंत होती. ओठ हलत होते. वंदना म्हणत होते का दुसरं काही, मला ऐकू आलं न्हाई. मी तसाच मागं फिरलो अन् नरसीची जीप धरली. मला दुसरा पत्ता ठाऊक नव्हता.

माझं कारण ते आहे. माझ्या बापाचे हात जोडलेले अन् समोर कोणीच न्हाई, हे मला सोसलं न्हाई. कोणीतरी असलंच पाहिजे, असं तवापासून वाटतं. तुमी ते कोणाला जोडले, ते मी विचारत न्हाई. सटवाजी बोलला त्या दिवशी हे सांगून मी सुटलो असतो. पण तुमी वंदनेला पुढं बसणारे, लोकं मग तुमालाच बोलले असते.

आता निरोपाचं. मी दोन मेला येतो. विहारात उभं करा. पंचशील मोठ्यानं म्हणतो, पहिल्यासारखं. पण खोटं बोलणार न्हाई हे त्यातच येतं, अन् ते तुमीच शिकवलं. म्हणून प्रतिज्ञांमधी देव न मानायचं आलं की मी गप राहीन. बाकीच्या म्हणीन. लोकं पाहतील. तुमाला ते चालणार नसंल तर मी मांडवाबाहेर थांबतो, करुणावर फुलं तिथूनच टाकतो. कोणी विचारलं तर म्हणा, पोरगं हट्टी आहे. ते तर खरंच आहे. लिंबाखालचं मी आईलाबी सांगितलं न्हाई, पुढंबी सांगणार न्हाई.

आत बोलावलं तर येणारा, न्हाई बोलावलं तरी तुमचाच,
रत्नपाल